जे कोणी खोडत नाही

टिकाव-नियमाखाली सही तुमची आहे. वाचून केलीत की न वाचता, ते तुमचं तुम्ही जाणा. पण एका चालत्याबोलत्या मुलीला फळ्यावरच्या खडूसारखं पुसून टाकलंत ते तुम्हीच. कुलगुरूसाहेब, तुमचं नाव इथे घेत नाही. घेतलं की तुम्ही नावावरून भांडाल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. आधी उर्मिला मालचेचं काय झालं ते ऐका. मधे बोलू नका.

विद्यापीठाची भाषा-प्रयोगशाळा म्हणजे टेकडीच्या पायथ्याची गोल काचेची इमारत. आत बाक नाहीत, फळा नाही, वही-पेन तर बघायलाही मिळत नाही. प्रत्येकासमोर एक पाटी आणि सगळ्या पाट्यांवर एकच पान. त्याला समपान म्हणतात. पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला अख्ख्या वर्गाने मिळून त्या एका पानावर लिहायचं. एकाने वाक्य टाकलं की त्याच क्षणी ते सगळ्यांना दिसतं. कोणालाही ते खोडता येतं, कोणालाही परत ठेवता येतं.

कल्पना वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. 'येस सर'च्या पुढे न जाणारी खेड्यापाड्यातली पोरं एकमेकांच्या आधाराने इंग्रजी लिहायला लागली होती. उर्मिलाच्या खोलीत राहणारी दीपाली कोठावदे सुरुवातीला 'माझ्या वडिलांचं दुकान आहे' एवढं लिहून थांबायची. दिवाळीपर्यंत तिने दुकानात येणाऱ्या तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांवर पानभर मजकूर लिहिला आणि वर्ग हसून हसून लोळला. चुकायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. भाषा अशीच येते.

मग तुम्ही त्यात टिकाव-नियम घातलात.

त्या सत्रात विषय होता 'आपलं आवार'. इंग्रजी विभागाचे प्रमुख डॉ. मधुसूदन राजहंस यांनी पानाची सुरुवात स्वतः करून दिली. त्यांचं इंग्रजी गुळगुळीत, कुठेही अडखळत नाही. त्यांनी लिहिलं की हे आवार एका ओसाड, निर्मनुष्य जमिनीवर उभं राहिलं.

उर्मिलाने ते वाक्य वाचलं आणि तिची कानशिलं तापली. जमीन ओसाड नव्हती. तिथे भिलाटी होती, भिल्लांची वस्ती. यंत्रं आली तेव्हा उर्मिला आईच्या कडेवर होती. तिला स्वतःला काही आठवत नव्हतं, आईला आठवत होतं. प्रवेशाच्या दिवशी आई तिच्याबरोबर आली होती. प्रयोगशाळेच्या दारात थबकली, इकडे टेकडीकडे पाहिलं, तिकडे नाल्याकडे पाहिलं, मनात काहीतरी जुळवलं आणि पायातल्या चपला काढल्या.

"मनी चूल व्हती आठे," ती म्हणाली.

त्यानंतर ती आवारात पुन्हा आली नाही. स्वतःच्या चुलीवर लोक बूट घालून चालताना तिला पाहवणार नव्हतं.

तर उर्मिलाने राजहंसांचं वाक्य खोडलं आणि त्या जागी आपल्या साध्या इंग्रजीत लिहिलं: इथे आमची वस्ती होती, ही प्रयोगशाळा आहे तिथे माझ्या आईची चूल होती.

राजहंस रागावले नाहीत. रागावणारी माणसं परवडली. ते हसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मालचे, भावना छान आहेत हं. पण हा निबंध आहे, गाऱ्हाणं नाही. कोणीतरी माझं वाक्य परत ठेवा बरं."

'कोणीतरी' असं म्हटलं होतं त्यांनी. ठेवलं सगळ्यांनी. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे ठेवताहेत तर आपणच मागे कशाला राहायचं. दीपालीनेही ठेवलं. ठेवताना तिने उर्मिलाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उर्मिलाने पानावर काही लिहायला घेतलं तर अक्षरं करडी झाली आणि विरून गेली. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा विरली. पाटी बिघडली असेल म्हणून तिने शेजारची घेतली. तिथेही तेच. स्वतःचं नाव लिहिलं, तर नावही विरलं.

ती यंत्रखोलीत गेली. समपानाची देखभाल करणारी अभियंता शबनम तडवी तिथे बसायची. पंखे घोंघावणाऱ्या त्या थंड खोलीत शबनम कायम शाल गुंडाळून बसलेली, पुढ्यात काळा चहा. मुलं तिला ताई म्हणायची. तिने उर्मिलाचं खातं उघडलं, पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"तू सरांचं वाक्य खोडलंस?"

"चुकीचं होतं म्हणून खोडलं, ताई."

"चूक-बरोबर इथे कोणी बघत नाही," शबनम म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे सरकवली. "बस. नीट सांगते."

तिने सांगितलं ते असं. समपानाला एक वाक्य दुसऱ्याशी जुळतं की नाही एवढं कळतं, जग कळत नाही. कोणतं वाक्य खरं, कोणतं खोटं हे त्याने कसं ठरवायचं? मग त्यावर एक तोडगा काढला गेला. एखादं वाक्य लोकांनी वाचलं आणि कोणीही खोडलं नाही, तर ते बरोबर असणार. पाटीवरचा दृष्टिमापी कोणाची नजर कोणत्या वाक्यावरून गेली ते टिपतो. नजर गेली, हात हलला नाही, की वाक्याचा भार वाढला. त्यातला थोडा वाटा लिहिणाऱ्यालाही मिळतो. वाक्य खोडायचं तर खोडणाऱ्याचा भार वाक्याहून जास्त हवा, किंवा वाक्य अजून ताजं, नजरांनी जड न झालेलं हवं आणि लोकांनी ते परत ठेवता कामा नये. परत ठेवलं की वाक्य दुप्पट जड होतं आणि खोडणारा तेवढाच हलका होतो.

"माझं वाक्य तर सगळ्यांनी मिळून काढलं," उर्मिला म्हणाली.

"म्हणून तू शून्याच्याही खाली गेलीस. निर्भार. निर्भार माणसाचं लिहिणं पान धरतच नाही. आणि सरांचं ते ओसाड जमिनीचं वाक्य आता इतकं जड झालंय की ते दाखला-वाक्य झालं. त्याच्या विरुद्ध जाणारं वाक्य कोणीही, कुठल्याही पानावर लिहिलं तरी उमटायच्या आधीच जाईल."

"पण लोक गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं कोणी सांगितलं?"

शबनमने चहाचा कप बाजूला सारला. मग तिने सांगितलं की हा नियम जिथे तपासला गेला तिथली पोरं मास्तरला तोंडावर सांगतात, तुम्ही चुकलात म्हणून. तिथे न खोडलेलं वाक्य बहुधा बरोबर निघतं. आपल्याकडे पोरगं घरातून निघतं तेव्हाच त्याला सांगून पाठवतात, मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही. हे तिने वर लिहून कळवलं होतं. वर म्हणजे तुम्हाला. तुम्ही त्यावर 'पाहिले' एवढा शेरा मारून परत पाठवलंत.

"या विद्यापीठात समपान आल्यापासून प्राध्यापकाचं वाक्य खोडणारी तू एकटी," ती म्हणाली. "एकटी, कळतंय का? सगळ्या विभागांत मिळून."

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. परीक्षा समपानावर होती, ज्याचं त्याला वेगळं पान. उर्मिलाने तीन तास लिहिलं आणि कोरी पाटी ठेवून उठली. निकालात ती नापास. तक्रार करायची तर कागदी अर्ज बंद झालेले, तक्रारीची जागाही समपानावरच, तिथेही अक्षरं विरली. ती कुलसचिवांच्या कार्यालयात गेली, तोंडी सांगायला लागली. खिडकीमागचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, लेखी दे."

ती दात आवळून खोलीवर आली. तिला पास व्हायचं होतंच, पण त्यापेक्षा जास्त तिला दुसरंच काहीतरी हवं होतं आणि ते तिने दीपालीला स्पष्ट सांगितलं. त्या पानावर एक वाक्य हवं. इथे आमची चूल होती, हे. आणि राजहंसांनी ते सगळ्यांसमोर गिळायला हवं.

"सोड ना गं," दीपाली म्हणाली. "पुनर्परीक्षा दे. तडवीताईंना सांगून नवं खातं काढ."

"चूल पण नवी काढू?"

दीपालीने उशी तोंडावर ओढून घेतली.

महिन्याभरात बातमी आली की केंद्राची मूल्यांकन समिती येते आहे. शबनमने उर्मिलाला बोलावून घेतलं. समितीने आकडे आधीच मागवले होते आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं. इथे शिक्षकाचं एकही वाक्य टिकाऊपणे खोडलं गेलेलं नाही, हे कसं? म्हणजे विद्यार्थी खरोखर सहलेखन करतात की नुसते बघत बसतात? राजहंसांनी उत्तर दिलं होतं की समितीसमोरच करून दाखवतो. मी मुद्दाम एक धडधडीत खोटं वाक्य लिहीन, विद्यार्थी ते खोडतील, तुम्ही पाहा.

उर्मिलाच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. तिने विचारलं, "ताई, मी निर्भार आहे. माझं लिहिणं धरत नाही. माझं वाचणं?"

"वाचणं सगळ्यांचं सारखं धरतं," शबनम म्हणाली. "गप्प बसायला भार लागत नाही."

"मग वर्गाने ते खोटं वाक्य खोडलंच नाही तर?"

शबनमने हिशेब मनात केला. मग ती हळूच हसली. तिचं ते हसणं चांगल्या माणसाचं नव्हतं, आणि त्यात काही बिघडलं नाही. "वाक्य जन्माला येतं ते लिहिणाऱ्याचा सगळा भार घेऊन. त्यावर वाचणाऱ्यांच्या गप्प बसण्याची भर पडते. म्हणजे जे वाक्य कोणी खोडलं नाही ते लिहिणाऱ्याहून जडच असणार. मग ते त्यालाही खोडता येत नाही."

"आयुष्यभर?"

"आयुष्य कशाला, त्याच्यानंतरही."

उर्मिलाला एवढंच हवं होतं. राजहंस काय लिहितील? सूर्य पश्चिमेला उगवतो, किंवा दोन अधिक दोन पाच. काहीही लिहू देत. ते मूर्ख वाक्य त्यांच्या नावाने, त्यांच्या गुळगुळीत इंग्रजीत, कायमचं उभं राहील. देशभरातली पोरं हसतील. तिच्या वाक्याचं काय व्हायचं ते नंतर बघू. आधी या माणसाला आपल्याच शब्दात अडकलेला बघायचा.

ती वसतिगृहात खोलीखोलीत फिरली. कोणी कपडे वाळत घालत होतं, कोणी मॅगी शिजवत होतं. तिने प्रत्येकाला तेच सांगितलं. सर जे लिहितील ते खोडू नका. बाकी काही करायचं नाही, बसून राहायचं. एवढं तरी माझ्यासाठी करा. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. नाल्यापलीकडच्या गावचा हितेश फक्त म्हणाला, "मॅगी खाशील का?"

उर्मिलाने तोच होकार मानला. हे लक्षात ठेवा, गप्प बसण्याला होकार तिनेही मानलं.

समिती आली त्या दिवशी प्रयोगशाळेत फुलदाण्या होत्या आणि राजहंसांच्या अंगावर नवा कोट होता. समितीच्या अध्यक्षा वयस्क, कोरड्या बोलण्याच्या होत्या. त्या पाट्यांमधून फिरत फिरत पहिल्या रांगेपाशी थांबल्या. तिथे उर्मिला मुद्दाम बसली होती, समोर कोरी पाटी ठेवून. समपान अजून उघडलं नव्हतं, बाकी सगळ्यांनी पाटीवर सत्रभरातलं आपापलं लिखाण काढून ठेवलं होतं.

"हिची पाटी रिकामी का?" अध्यक्षांनी विचारलं.

राजहंस पटकन पुढे आले. त्यांनी गोष्ट विनोदावर नेली. हुशार मुलगी आहे, म्हणाले, पण हिचा एक गोड गैरसमज आहे. हिला वाटतं ही इमारत हिच्या घरावर बांधली आहे. वर्गात खसखस पिकली. अध्यक्षा हसल्या नाहीत. त्यांनी उर्मिलाकडे पाहिलं आणि उर्मिलानेही त्यांच्याकडे पाहिलं. राजहंसांना ती नजर आवडली नसावी, कारण त्यानंतर ते जे बोलले ते त्यांनी घरून ठरवून आणलेलं नव्हतं.

"चला, त्यावरच प्रात्यक्षिक करू," ते म्हणाले. "सगळ्या वर्गाला जे खोटं आहे हे ठाऊक आहे, असंच वाक्य घेऊ."

आणि त्यांनी लिहिलं. इंग्रजीत, सुरेख, स्वल्पविरामासकट: ही प्रयोगशाळा उर्मिला मालचेच्या आईच्या चुलीवर उभी आहे.

दुसऱ्या कोणी असं वाक्य लिहिलं असतं तर ते उमटायच्या आधीच गेलं असतं. पण राजहंसांचा भार त्यांच्याच जुन्या दाखला-वाक्याइतका झाला होता आणि पानाने त्यांना मान दिला. वाक्य सगळ्या पाट्यांवर एकदम उजळलं.

उर्मिलाने वाक्य पुन्हा वाचलं. तिने खोटं मागितलं होतं. त्यांनी खरं लिहून दिलं होतं, खोटं समजून.

"खोडा," राजहंस म्हणाले.

नजरा वाक्यावरून गेल्या. हात हलले नाहीत.

"अरे खोडा की. परवानगी आहे."

कोणी हललं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. राजहंसांनी हितेशकडे बोट दाखवलं. हितेश उभा राहिला, त्याच्या कपाळावर घाम होता.

"सर, तुमचं वाक्य आहे," तो म्हणाला. "आम्ही कसं खोडणार?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. राजहंसांचा चेहरा बदलला. ते हसत हसत वळले, म्हणाले की विद्यार्थी फारच आज्ञाधारक आहेत, आणि वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ते स्वतः खोडायला घेतलं. पानाने नकार दिला. खाली बारीक अक्षरांत आलं: वाक्याचा भार खोडणाऱ्याहून जास्त आहे.

अध्यक्षांनी शबनमला पुढे बोलावलं आणि कारण विचारलं. शबनमने उर्मिलाला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, तितक्याच शांतपणे.

"पण मी ते खोटं म्हणून लिहिलं होतं," राजहंस म्हणाले.

"यंत्राला 'म्हणून' कळत नाही, सर. राहिलं की गेलं, एवढंच कळतं."

"हे काढ. आत्ता."

"मला काढता येत नाही. मी तुमच्याहूनही हलकी आहे."

राजहंसांनी पुन्हा बोट ठेवलं, मग पुन्हा, मग पुन्हा. फसलेलं प्रत्येक खोडणं वाक्याला दुप्पट करत होतं आणि त्यांना तेवढंच उतरवत होतं. ते शबनमने मोठ्याने सांगितलंही, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. समितीसमोर, नव्या कोटात, एक विद्वान माणूस काचेवर बोट घासत उभा होता. शेवटी त्यांनी खाली खुलासा लिहायला घेतला, वरील वाक्य केवळ उदाहरणादाखल असून... आणि अक्षरं करडी झाली. विरली. त्यांनी पाटी बदलली. तिथेही विरली.

उर्मिला बघत होती. तिला दया आली नाही. ती आली असती तर ही गोष्ट तुम्हाला जास्त आवडली असती. पण नाही आली. तिने त्यांचं प्रत्येक विरणारं अक्षर डोळे भरून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत नवं वाक्य दाखला-वाक्य झालं. मग त्याने आपलं काम सुरू केलं. ओसाड जमिनीचं जुनं वाक्य त्याच्या विरुद्ध जात होतं आणि आता त्याच्याहून हलकं होतं, म्हणून ते गेलं. माहितीपुस्तिकेतून गेलं. राजहंसांच्या पाठ्यपुस्तकातून गेलं. फाटकावरच्या उजेडफलकावर 'पडीक माळरानातून ज्ञानाचं नंदनवन' असं झळकायचं, तिथे काळी पट्टी आली. जिथे जिथे कोणी आवाराचा इतिहास उघडला तिथे पहिल्या ओळीत एकच वाक्य होतं, मालचेबाईंच्या चुलीचं. तुम्हीही उघडलंत. तुमच्या पाटीवर दृष्टिमापी आहे, तुम्हीच तो सगळ्यांना सक्तीचा केलात.

आता गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

त्या वाक्याखाली लेखक म्हणून नाव होतं राजहंसांचं. उर्मिला अजून निर्भारच होती. शबनमने मार्ग सांगितला. ओसाडाचं वाक्य गेल्यामुळे उर्मिलाच्या जुन्या वाक्याची वाट मोकळी झाली आहे. तेव्हा ज्यांनी ते काढलं होतं, त्यांनी फक्त परत ठेवायचं. एक बोट लावायचं. मग वाक्य तिचं, नाव तिचं आणि परीक्षेचा पेपरही वर येईल. तो गेलेला नाही, दबलेला आहे.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी उर्मिला वर्गासमोर उभी राहिली. ती आनंदात होती. काल तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, म्हणाली, हे मी विसरणार नाही. आता एवढंच करा. माझं वाक्य परत ठेवा. तिने पाटीवर ते जुनं वाक्य शोधून सगळ्यांपुढे आणलं. फिकट, परत ठेवायच्या खुणेसकट.

नजरा वाक्यावरून गेल्या. हात हलले नाहीत.

तिला वाटलं, कळलं नसेल. तिने पुन्हा सांगितलं. कोणी बुटाची लेस बांधत होतं. हितेश खिडकीबाहेर बघत होता. वर्गात राजहंस नव्हते, समिती नव्हती, घाबरवणारं कोणी नव्हतं. ती दीपालीसमोर जाऊन उभी राहिली.

"दीपाली?"

दीपालीचे डोळे भरून आले होते. "तू सांगितलंस म्हणून गप्प बसलो नव्हतो गं आम्ही," ती म्हणाली. "आम्ही नेहमीच बसतो."

"मग आता बोट लाव. आता कोण आहे इथे?"

"आधी बाकीच्यांनी लावू दे."

बाकीचेही तेच म्हणत होते, तोंड न उघडता. आणि खुणेचं काय असतं? तिला बोट लागलं नाही की ती खूण सुकते. उर्मिलाचं वाक्य वाचून ते न उचलणारी प्रत्येक नजर तिच्या विरुद्ध मोजली जात होती. तास संपेपर्यंत तिचं वाक्य पूर्वीहून खोल गेलं.

ती यंत्रखोलीत गेली नाही, खोलीवर गेली नाही. ती सरळ तुमच्याकडे आली.

तुमचा शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. तिने दार ढकललं. तुम्ही पाटीवर काहीतरी वाचत होतात, वाचत राहिलात. ती बोलली आणि तिचं बोलणं विरलं नाही, कारण हवेला अजून तुमचा नियम लागू झालेला नाही.

"माझा राग राजहंसांवर होता," ती म्हणाली. "पोरांवरही होता, आज सकाळी. पण गप्प बसणं त्यांना घरी शिकवलं. गप्प बसण्याला होकार तुम्ही ठरवलंत. आमची वस्ती उठवली तेव्हाही तुम्ही लोकांनी तेच लिहिलंत ना, कोणी हरकत घेतली नाही? ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी हरकत घेतली नाही?"

तुम्ही चष्मा वर केलात. 

"आता तुमचाच नियम घेऊ. 'ही प्रयोगशाळा मालचेच्या चुलीवर उभी आहे.' हे तुम्ही वाचलंत. या विद्यापीठात तुमच्याहून जड कोणी नाही. पहिल्या दिवशी ते हलकं होतं, तेव्हा तुम्हाला खोडता येत होतं. तुम्ही खोडलं नाही."

तुमच्या हाताने पाटीकडे जायची हालचाल केली आणि अर्ध्यावर थांबली. शबनमचा इशारा तुम्हालाही पोचला असणार. राजहंसांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बोट लावलंत आणि वाक्य हललं नाही तर तुमची सही, तुमचे आदेश, तुमची बढती, सगळं करडं होऊन विरेल. आणि बोट लावलं नाहीत तर तुम्ही होकार दिलात.

उर्मिलाने पायातल्या चपला काढल्या. तुमच्या गालिच्यावर ती अनवाणी उभी राहिली. म्हणाली, आमच्या वस्तीचं देऊळ या खोलीपाशी कुठेतरी होतं, नक्की कुठे ते आईला विचारावं लागेल. मग समोरची खुर्ची ओढून ती बसली.

ती अजून तिथेच बसली आहे. तुम्ही अजून पाटीकडे बघता आहात. तुमच्या नियमाने तुमचा होकार दर क्षणाला जड होतो आहे, आणि या वेळी तो मोजायला आम्ही सगळे जागे आहोत. तेव्हा तोंड उघडा आणि उत्तर द्या: तिच्या आईची चूल होती तिथे परत कधी मांडून देता?